काजळी तसबिरीवरची आणि फुप्फुसातली

रस्त्याकडेच्या वस्तीत राहणाऱ्या माता-भगिनींना हे वेगळे सांगायला नको. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीची काच सकाळी पुसावी, तर संध्याकाळी फडक्याला पुन्हा काळा थर! मुंबईत पूर्व द्रुतगती महामार्ग, सायन-पनवेल मार्ग, घाटकोपर-मानखुर्द जोडरस्ता यांना खेटून असलेल्या घरांचा हा रोजचा अनुभव. काच पुसता येते. पण तीच हवा आत घेणाऱ्या लेकरांच्या फुप्फुसांचे काय, हा आमचा सवाल आहे.

इंजिनात डिझेल पुरते जळले नाही की काजळी होते. ब्रेक आणि टायर झिजूनही बारीक भुकटी उडते. मोठे कण नाकात अडकतात. पण केसाची जाडी साधारण 70 मायक्रॉन धरली, तर अडीच मायक्रॉनहून लहान कण थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. त्याने दमा बळावतो, हृदयविकार व पक्षाघाताचा धोका वाढतो. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 साली जाहीर केले.

या सूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा आपल्या देशाने 2009 साली घनमीटरमागे 40 मायक्रोग्रॅम ठरविली. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली ती फक्त 5 असावी असे सांगितले.

हवा सर्वांची म्हणतात. पण मोठ्या रस्त्यापासून दोन-तीनशे मीटर आत गेले की काजळी बरीच कमी होते. म्हणजे ती जास्त कोणाच्या वाट्याला येते? कडेच्या झोपडीच्या, रस्ता झाडणाऱ्या भगिनीच्या, रिक्षावाल्याच्या, भाजीवालीच्या! हा नशिबाचा भोग नव्हे. 1927 साली बाबासाहेबांनी महाडला पाण्याचा हक्क बजावला. त्यांनी घडविलेल्या संविधानाच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्कात स्वच्छ पाणी आणि हवाही येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली म्हटले आहे.

घरात एवढे करावे. गाड्यांच्या गर्दीच्या वेळी रस्त्याकडची खिडकी लावून दुसऱ्या बाजूची उघडी ठेवावी. कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. मुलांना शाळेत आतल्या गल्लीतून न्यावे. रुमालाने सूक्ष्म कण अडत नाहीत. रस्त्यावर काम करणाऱ्यांनी घट्ट बसणारा एन-95 मास्क वापरावा. दोन आठवड्यांवरचा खोकला ‘धुळीचा’ म्हणून अंगावर काढू नये. दवाखान्यात तपासून घ्यावा.

पण खिडकी लावून प्रश्न सुटणार नाही. रविवारी विहारात वंदना झाल्यावर दहा मिनिटे या विषयाला द्यावीत. धूर ओकणाऱ्या गाड्यांवर कारवाई, रस्त्याची यंत्राने सफाई, कडेला झाडे आणि आपल्याच वस्तीत हवा मोजणारे यंत्र, अशा चार मागण्यांचा अर्ज सह्यांनिशी पालिकेच्या विभाग कार्यालयात द्यावा. पोच घ्यायला विसरू नये!

जयभीम.