घामाचा दाम वेळेवर : लघुउद्योजकास कायद्याचा आधार

शिरूर तालुक्यातील केंदूर हे गाव कमी पावसाच्या पट्ट्यात येते. पावसाचा भरवसा नसल्याने केवळ शेतीवर प्रपंच चालविणे येथे कठीण जाते. शेजारच्या पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रमाची स्थापना केली आणि हाताने काम करीत शिकण्याची वाट ग्रामीण तरुणांना दाखविली. या परिसराच्या आसपास रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर आणि चाकण येथील कारखाने आहेत. त्यामुळे अशा गावात कोणी वेल्डिंगचे वा लेथचे छोटे वर्कशॉप उघडले, तर त्याला काम मिळण्याची शक्यता असते. मात्र काम मिळणे आणि कामाचा पैसा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्ही येथे या दुसऱ्या गोष्टीविषयी लिहीत आहोत.

लहान उद्योग बहुधा कौशल्याच्या अभावी बुडत नाही. तो अडकलेल्या येण्यापायी बुडतो. माल पोहोचतो, महिनाभरात पैसे देण्याचा शब्द दिला जातो आणि पाहता पाहता चार-सहा महिने उलटतात. दरम्यान पोलादाच्या व्यापाऱ्याची उधारी, विजेचे बिल आणि कामगारांचा पगार थांबत नाही. मग घरातील दागिने गहाण पडतात किंवा खाजगी सावकाराचे दार गाठावे लागते. हे टाळण्यासाठी संसदेने 2006 साली सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा केला.

कायदा काय सांगतो?

लेखी करार असेल तर त्यात ठरलेल्या मुदतीत पैसे दिले पाहिजेत. मात्र ही मुदत माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांपेक्षा अधिक असू शकत नाही. करारात 90 दिवस लिहिले असले तरी कायदा 45 दिवसच मानतो. लेखी करार नसेल तर 15 दिवसांची मुदत लागू होते. माल मिळाल्यापासून 15 दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर तो माल मिळाला त्याच दिवशी स्वीकारला असे धरले जाते.

मुदत टळली की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. उदाहरणादाखल बँक दर 6 टक्के धरला, तर व्याजाचा दर 18 टक्के होतो आणि 2 लाख रुपयांवर वर्षाला सुमारे 39 हजार रुपये व्याज चढते. शिवाय 2023 च्या वित्त कायद्याने प्राप्तिकरातही बदल झाला. मुदतीत न दिलेली अशी रक्कम प्रत्यक्ष दिली जाईपर्यंत खरेदीदारास आपल्या उत्पन्नातून खर्च म्हणून वजा करता येत नाही.

हे संरक्षण सूक्ष्म आणि लघु या दोन गटांतील उत्पादकांना व सेवा देणाऱ्यांना आहे. जॉब वर्क ही सेवाच होय. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदाराला उद्यम नोंदणी मिळते, पण थकलेल्या रकमेबाबतचे हे संरक्षण मिळत नाही.

आधी नोंदणी, मग पुरवठा

1 जुलै 2020 पासून उद्यम नोंदणी सुरू झाली. ती सरकारी संकेतस्थळावर आधार व पॅन यांच्या आधारे विनामूल्य होते. त्यासाठी मध्यस्थाला पैसे मोजण्याचे कारण नाही. नोंदणी माल पुरविण्यापूर्वी केलेली असावी, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. पुरवठ्यानंतर केलेल्या नोंदणीचा लाभ मागील व्यवहाराला मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली म्हटले होते. तो मुद्दा 2025 मध्ये मोठ्या खंडपीठाकडे सोपविण्यात आला. तेव्हा वादात न पडता आधीच नोंदणी करणे शहाणपणाचे.

नोंदणीबरोबर तीन कागद जपावेत : कामाची लेखी ऑर्डर, माल पोहोचल्याची सही-शिक्क्याची चलनप्रत आणि उद्यम क्रमांक छापलेले बिल. तोंडी शब्दावर काम घ्यावेच लागले, तर निदान मोबाइलवर संदेश पाठवून दर, नग आणि मुदत कळवावी व उत्तर जपून ठेवावे. कर्ज मागताना बँकही हेच कागद पाहते. म्हणून ते भांडणासाठीच नव्हे, तर उद्योग वाढविण्यासाठीही हवेत.

दाद कोठे मागावी?

फॅसिलिटेशन कौन्सिल या नावाने ओळखली जाणारी परिषद राज्य शासनाने नेमलेली असते. तिच्याकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. परिषद प्रथम समेटाचा प्रयत्न करते. तो फसला तर प्रकरण लवादाकडे जाते. खरेदीदार देशात कोठेही असला तरी पुरवठादार जेथे आहे तेथील परिषदेला अधिकार असतो. त्यामुळे केंदूरच्या कारागिराला मुंबई वा दिल्लीला हेलपाटे घालावे लागत नाहीत. निवाड्याविरुद्ध न्यायालयात जाणाऱ्या खरेदीदाराला 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते.

मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध अर्ज केला तर पुढील काम जाईल, ही भीती खरी आहे व कायदा ती पूर्णपणे दूर करू शकत नाही. म्हणून प्रथम कायद्यातील मुदतीची आठवण देणारे नम्र पत्र पाठवावे आणि एकाच गिऱ्हाइकावर सारा धंदा अवलंबून ठेवू नये.

आणखी दोन गोष्टी सांगावयास हव्यात. धनादेश न वटल्यास बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे आले नाहीत, तर त्यापुढील एका महिन्यात फौजदारी तक्रार करावी लागते. दुसरे, दोघे भाऊ भागीदारीत वर्कशॉप चालवीत असतील तर भागीदारीची नोंदणी करावी. 1932 च्या भागीदारी कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या फर्मला करारातील पैशासाठी गिऱ्हाइकावर दिवाणी दावा लावता येत नाही. उद्यम नोंदणीने ही उणीव भरून निघत नाही.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर

1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळू शकतो. तालुका विधी सेवा समिती तालुका न्यायालयाशी जोडलेली असते. राष्ट्रीय मदत क्रमांक 15100 आहे. महिला व दिव्यांग यांना उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जातींनाही ती नाही, परंतु 1950 च्या आदेशानुसार ख्रिस्ती व्यक्तीस तो दर्जा मिळत नाही. अशा बांधवांनी वार्षिक उत्पन्नाच्या निकषावर अर्ज करावा. महाराष्ट्रात ही मर्यादा 3 लाख रुपये आहे.

शेवटी एक विनंती. या कायद्यात खरेदीदार म्हणजे केवळ कारखाना नव्हे, तर मोबदला देऊन माल वा सेवा घेणारा कोणीही. आपल्या शाळा, वसतिगृहे व रुग्णालयेही बाके, ग्रिल, छपाई आणि दुरुस्तीची कामे देतात. पोप लिओ तेरावे यांनी 1891 साली न्याय्य वेतनाचा प्रश्न जगापुढे मांडला. त्याचे स्मरण ठेवून आपल्या संस्थांनी टेबलावर पडून असलेली बिले आधी चुकती करावीत, अशी आमची कळकळीची विनंती आहे.