उच्च शिक्षणातील सहयोगी अध्ययन : गट पाडणे आणि एकत्र विचार करणे

बीजसंज्ञा : सहयोगी अध्ययन, व्यक्तिगत उत्तरदायित्व, सहाध्यायी अध्यापन, गटरचना.

प्रस्तावना :
महाविद्यालयीन अध्यापनात 'गटकार्य' हा शब्द आता चांगलाच रुळला आहे. पर्यावरण अभ्यासाचा प्रकल्प, क्षेत्रभेटीचा अहवाल किंवा वर्गातील सादरीकरण यांसाठी पाच-सहा विद्यार्थ्यांचे गट पाडले जातात. नॅकने २०१७ मध्ये सुधारलेल्या मूल्यांकन पद्धतीत सहभागी अध्ययनाला स्थान मिळाले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यात लागू झालेल्या पदवी आराखड्यात क्षेत्र प्रकल्पाला श्रेयांक देण्यात आले. तथापि एक विद्यार्थी लिहितो, दुसरा टंकलिखित करून आणतो आणि उरलेल्यांची फक्त नावे मुखपृष्ठावर येतात, हा अनुभव प्राध्यापकवर्गाला नवा नाही. येथे गट असतो, सहयोग नसतो. हा सहयोग कशामुळे निर्माण होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पना :
विद्यार्थ्याला एकट्याने जे साधत नाही, ते अधिक जाणत्या व्यक्तीच्या साहाय्याने साधते व पुढे ते त्याचे स्वतःचे होते, असे प्रतिपादन रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की (१८९६–१९३४) यांनी केले. सहयोगी अध्ययनाचा हा सैद्धांतिक पाया होय. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील डेव्हिड व रॉजर जॉन्सन या बंधूंनी गटातील अध्ययनाचे पाच घटक सांगितले : सकारात्मक परस्परावलंबन, व्यक्तिगत उत्तरदायित्व, परस्परांना प्रेरक ठरणारी समोरासमोरची आंतरक्रिया, सामाजिक कौशल्ये आणि गटाने केलेले स्वतःच्या कामाचे परीक्षण.

यांपैकी व्यक्तिगत उत्तरदायित्व हा घटक आपल्याकडे सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. दोर ओढणाऱ्या माणसांची संख्या वाढत गेली की प्रत्येकाचा सरासरी जोर घटतो, हे फ्रेंच कृषी अभियंता मॅक्स रिंगेलमन यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दिसून आले. आपला वाटा वेगळा ओळखला जाणार आहे हे माहीत असल्यास ही घट कमी होते, असे पुढील संशोधनाने दाखविले. म्हणजेच गटातील निष्क्रियतेचे कारण केवळ विद्यार्थ्याच्या आळसात नसून बहुतांशी कामाच्या रचनेत असते.

ट्राइसमन यांचा अनुभव :
१९७० च्या दशकात बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात युरी ट्राइसमन यांनी कलनशास्त्रात कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या प्रमाणात मागे का पडतात, याचा शोध घेतला. कष्टांची वा प्रेरणेची उणीव हे कारण असेल, असा अनेकांचा समज होता. ट्राइसमन यांनी वीस कृष्णवर्णीय व वीस चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासपद्धतीचे प्रत्यक्ष निरीक्षण केले, तेव्हा चित्र निराळे दिसले. कृष्णवर्णीय विद्यार्थी कष्ट घेत होते. परंतु बहुतेक जण एकटेच अभ्यास करीत. चिनी वंशाचे विद्यार्थी एकत्र बसून एकमेकांची उत्तरे तपासत व चुका दाखवीत.

यावर ट्राइसमन यांनी उपचारात्मक वर्ग काढले नाहीत. त्यांनी कार्यशाळा सुरू केल्या व तेथे नेहमीपेक्षा कठीण उदाहरणे गटांत सोडविण्यास दिली. या विद्यार्थ्यांच्या निकालात लक्षणीय सुधारणा झाली. घरात पदवीपर्यंत पोहोचलेली पहिलीच व्यक्ती असलेले अनेक विद्यार्थी आपल्या वर्गांत आहेत. त्यांना जादा तासांइतकीच, किंबहुना अधिक, गरज अभ्यासाच्या सोबतीची आहे, हा त्याचा आपल्यासाठी अर्थ होय.

मोठ्या वर्गातील उपयोजन :
शंभर-सव्वाशे विद्यार्थी व जागेवर ठोकलेले बाक असताना हे कसे शक्य आहे, हा आक्षेप रास्त आहे. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ पासून मोठ्या वर्गात वापरलेली 'सहाध्यायी अध्यापन' पद्धती याचे उत्तर देते. तिचे टप्पे असे :
१. शिक्षक संकल्पनेवर आधारित एक बहुपर्यायी प्रश्न विचारतात.
२. प्रत्येक विद्यार्थी कोणाशीही न बोलता उत्तर ठरवितो व हाताने किंवा पत्त्याने ते दर्शवितो.
३. सुमारे तीस ते सत्तर टक्के उत्तरे बरोबर असल्यास शेजाऱ्यांशी चर्चा होते.
४. विद्यार्थी पुन्हा उत्तर देतात व शिक्षक स्पष्टीकरण करतात.

अर्थशास्त्रातील एक उदाहरण घेऊ. कांद्याचा भाव उतरल्याने खरेदी वाढली. ही मागणीतील वृद्धी की मागणीचा विस्तार? दोन्ही व्याख्या पाठ असलेला विद्यार्थीही येथे अडखळतो. शेजाऱ्याला पटवून देताना बदल केवळ किमतीमुळे झाला आहे, म्हणून हालचाल त्याच मागणी वक्रावर आहे व हा विस्तार आहे, हे त्याला स्वतः मांडावे लागते.

हुशार विद्यार्थ्याचे उत्तर इतर जण उचलतात, अशी शंका येथे घेतली जाते. कोलोरॅडो विद्यापीठातील आनुवंशिकीच्या वर्गावरील, २००९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चर्चेपूर्वी गटातील कोणालाही बरोबर उत्तर ठाऊक नसतानाही चर्चेनंतर आकलन सुधारल्याचे आढळले.

शिक्षकाची भूमिका :
या पद्धतीत शिक्षकाचे काम कमी होत नाही, ते आधी सरकते. उत्तर वाटून घेता येणार नाही असा प्रश्न तयार करणे, हे पहिले काम. गट स्वतः पाडणे, हे दुसरे. विद्यार्थ्यांवर सोपविल्यास गट गाव, वसतिगृह, जात व ओळख यांनुसार पडतात आणि एकटा विद्यार्थी एकटाच उरतो. तिसरे काम मूल्यमापनाचे. काही गुण गटाच्या कामाला, तर काही ऐनवेळी निवडलेल्या सदस्याने दिलेल्या तोंडी उत्तरांना ठेवल्यास प्रत्येकाला संपूर्ण विषय समजून घ्यावा लागतो. अर्थात, अभ्यासक्रम पूर्ण करण्याचा ताण पाहता प्रत्येक घटकासाठी हे शक्य नाही. जेथे विद्यार्थी हमखास चुकतात, अशा निवडक संकल्पनांपासून आरंभ करणे इष्ट.

समारोप :
गट पाडल्याने सहयोग आपोआप घडत नाही. प्रथम स्वतंत्र विचार, नंतर चर्चा आणि अखेरीस प्रत्येकाचे उत्तरदायित्व या क्रमानेच तो घडतो. हा क्रम पाळला नाही, तर श्रेयांक जमा होतील, अहवाल कपाटात राहतील आणि मुखपृष्ठावर नाव असलेला विद्यार्थी विषयाबाहेरच उभा राहील.