सकाळी नऊची वेळ आणि हार्ट अटॅक

हृदयविकाराचा झटका दिवसाच्या चोवीस तासांत सारख्या प्रमाणात येत नाही. मात्र तो नेमका कधी सुरू झाला हे रुग्णाच्या सांगण्यावरून नक्की ठरत नाही. झोपेतला त्रास पुष्कळदा जाग आल्यावरच जाणवतो. म्हणून अमेरिकेत जेम्स मुलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्ताचा आधार घेतला. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की सीके-एमबी हे द्रव्य रक्तात वाढू लागते. त्यावरून मागे हिशेब करत त्यांनी ७०३ रुग्णांच्या झटक्याची वेळ काढली आणि १९८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. रात्री अकराच्या मानाने सकाळी नऊच्या सुमारास झटक्यांचे प्रमाण तिप्पट होते.

धमनीतला चरबीचा थर वर्षानुवर्षे साचत आलेला असतो. सकाळ हे फक्त तो फुटण्याचे निमित्त. पहाटेपासून कॉर्टिसॉल वाढते, उठल्यावर अॅड्रेनालीनची भर पडते, नाडी आणि रक्तदाब दोन्ही चढतात. गुठळी विरघळवणारी शरीराची यंत्रणा नेमकी याच वेळी मंद असते. रक्तातल्या प्लेटलेट्सही सकाळी एकमेकींना लवकर चिकटतात. पण माणूस अंथरुणातच पडून राहिला तर प्लेटलेट्सच्या चिकटपणातली ही वाढ दिसत नाही. म्हणजे दोष घड्याळाइतकाच उठून उभे राहण्याचाही आहे. बीटा ब्लॉकर गटातली औषधे आधीपासून घेणाऱ्यांमध्ये मुलर यांना सकाळचा हा चढ आढळला नाही.

रात्री प्रमाण कमी असते, शून्य नसते. ‘पित्त झालं असेल, सकाळी बघू’ म्हणत काढलेले तास हृदयाच्या स्नायूला फार महाग पडतात.

ऋतूंचा फरकही मोठा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदवहीतील सुमारे २ लाख ६० हजार रुग्णांमध्ये उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात ५३ टक्के अधिक झटके नोंदले गेले. गारठ्याने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, रक्त किंचित दाट होते. त्यात फ्लूची साथ असते. फ्लू झाल्यानंतरच्या आठवड्यात झटक्याचा धोका सुमारे सहापट होतो, असे कॅनडातील ओंटारिओ प्रांतात दिसले. दक्षिण गोलार्धात हिवाळा उलट महिन्यांत येतो. ऑस्ट्रेलियात हृदयविकाराचे मृत्यू जून ते ऑगस्टमध्ये वाढतात, ते त्यामुळेच.

आपल्याकडे कुठे एवढी थंडी, असे महाराष्ट्रातल्या वाचकाला वाटेल. पण लॉस एंजेलिसचा हिवाळा सौम्य असूनही तिथे डिसेंबर-जानेवारीत हृदयविकाराचे मृत्यू उन्हाळ्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने जास्त आढळले. युरोपातल्या पाहणीत तर असे दिसले, की पारा तितकाच उतरला तरी मृत्यूंची वाढ उबदार प्रदेशांत अधिक होते, कारण तिथली घरे थंडीसाठी बांधलेली नसतात आणि लोक अंगभर कपडे घालत नाहीत. पहाटे गार फरशीवर अनवाणी उतरणाऱ्या, स्वेटर कपाटाच्या तळाशी ठेवणाऱ्या घरांनी हे लक्षात घ्यावे.

हवामानाशी संबंध नसलेले चढही आहेत. कामावर जाणाऱ्यांमध्ये सोमवारी झटके वाढतात. स्वीडनच्या नोंदींत नाताळच्या आदल्या दिवशी प्रमाण ३७ टक्क्यांनी जास्त होते, आणि तेही सकाळी नव्हे, रात्री दहाच्या सुमारास. जेवण, दगदग, घरातले ताणतणाव यांपैकी कोणाचा वाटा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे.

सकाळी धोका जास्त, तर रक्तदाबाची गोळी रात्री घ्यावी, हा तर्क सरळ वाटतो. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक रुग्णांवर तो तपासला गेला. २०२२ मध्ये निकाल आला: गोळी सकाळी घ्या की रात्री, झटक्यांच्या प्रमाणात फरक पडला नाही.