फिकट चट्ट्यांची पारख

त्वचेला रंग देणारे मेलॅनिन हे द्रव्य मेलॅनोसाइट नावाच्या पेशी तयार करतात. या पेशीच नाहीशा झाल्या तर डाग पांढराशुभ्र दिसतो, पण पेशी शाबूत राहून त्यांचे काम केवळ मंदावले तर त्वचा नुसती फिकट पडते. कोड हा पहिल्या प्रकारचा विकार असून त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रंगपेशींवर उलटते. कोडाच्या डागाची कड बहुधा स्पष्ट असते, त्यावरचे केसही कधीकधी पांढरे होतात, मात्र तेथील स्पर्शज्ञान अबाधित राहते. कोड संसर्गजन्य नाही, तरीही सोयरीक जुळवताना त्याला महारोगाच्या पंगतीला बसवण्याची खोड समाजाने सोडलेली नाही.

कुष्ठरोगाचा चट्टा मुळात पांढराशुभ्र नसतोच. तो फिकट, लालसर किंवा तांबूस असतो. हान्सेन यांनी १८७३ मध्ये शोधलेला या रोगाचा जंतू त्वचेबरोबर मज्जातंतूंनाही ग्रासत असल्याने चट्ट्यावर घाम कमी येतो, केस विरळ होतात आणि स्पर्श कळेनासा होतो. म्हणून रुग्णाला डोळे मिटायला सांगून बॉलपेनच्या टोकाने हलकेच स्पर्श करतात आणि जागा बोटाने दाखवायला लावतात. अर्थात चेहऱ्यावरील किंवा पसरलेल्या रोगातील चट्ट्यांत संवेदना टिकून असू शकते, त्यामुळे केवळ या चाचणीवर विसंबून चालत नाही. जाड झालेल्या नसाही चाचपाव्या लागतात.

घामाने भिजणाऱ्या छाती-पाठीवर उठणारी शिबे ही बुरशीची करणी असून ती खरवडल्यास बारीक कोंडा निघतो. मुलांच्या गालावरील फिकट ठिपक्यांचे खापर घरोघरी जंतांवर फुटते. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा सौम्य इसबाचा प्रकार असतो. टिकलीच्या डिंकातील रसायनानेही कपाळावर नेमका टिकलीएवढा पांढरा डाग पडू शकतो.

ही पारख अहिल्यानगर जिल्ह्यात विशेष निकडीची आहे, कारण पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून ऊसतोडीसाठी कुटुंबे महिनोन्‌महिने बाहेर पडतात, तर कुष्ठरोगाचे बहुविध औषधोपचार सहा किंवा बारा महिने अखंड घ्यावे लागतात. ही औषधे सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात. तेव्हा टोळी गाव सोडण्यापूर्वीच प्रत्येकाने अंगावरील न दुखणारा, न खाजणारा फिकट चट्टा तेथे तपासून घ्यावा.