शंकराजी नारायण सचिव

शंकराजी नारायण सचिव : (?–१७०७). मराठेशाहीतील एक मुत्सद्दी, लढवय्या प्रधान आणि भोरच्या पंतसचिव घराण्याचा संस्थापक. पूर्ण नाव शंकराजी नारायण गांडेकर. राजारामकालीन स्वातंत्र्ययुद्धात मावळ प्रांत सांभाळण्याची व तेथील किल्ले परत मिळविण्याची कामगिरी त्याने केली. त्याच्या वंशजांच्या जहागिरीतूनच पुढे भोर संस्थान उदयास आले. सह्याद्रीच्या माथ्यावरील मावळांबरोबर घाटाखालचा सुधागड तालुका व त्याचे मुख्य ठिकाण पाली (रायगड जिल्हा) हा प्रदेशही १९४८ पर्यंत या घराण्याच्या अंमलाखाली होता.

घराणे व पूर्वायुष्य : गांडेकरांचे घराणे देशस्थ ऋग्वेदी ब्राह्मणांचे असून त्यांचा मूळ गाव पैठणनजीकचा गांडापूर होय. गावाच्या नावावरूनच त्यांना गांडेकर हे उपनाव पडले. शंकराजीने आपल्या सेवेस कारकुनीपासून प्रारंभ केला. रामचंद्रपंत अमात्य याच्या हाताखाली असताना त्याची हुशारी व धडाडी नजरेस आली. लेखणी व तलवार या दोहोंत सारखीच गती असलेल्या कारकुनांची एक पिढी त्या काळात पुढे आली. परशुराम त्रिंबक प्रतिनिधी व शंकराजी नारायण हे तिचे ठळक प्रतिनिधी होत.

स्वातंत्र्ययुद्धातील कामगिरी : १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांचा वध झाला आणि त्याच वर्षी रायगड मोगलांच्या हाती पडला. युवराज शाहू व त्यांच्या मातोश्री येसूबाई कैद झाल्या. छत्रपती राजाराम महाराज जिंजीस गेले. जाताना त्यांनी महाराष्ट्राचा कारभार रामचंद्रपंत अमात्य याजकडे सोपविला व शंकराजीस त्याच्या मदतीस दिले. पुढे रामचंद्रपंतास ‘हुकुमतपन्हा’ व शंकराजीस ‘राजाज्ञा’ हे किताब मिळाले. राजा दूर, खजिना रिकामा आणि प्रदेशात मोगलांची ठाणी अशा स्थितीत मावळातील देशमुखांना स्वराज्याच्या बाजूस टिकवून धरणे हे काम अवघड होते. वतनाची आशा दाखवून मोगलही त्यांना आपल्याकडे ओढीत होते. शंकराजीने देशमुखांना अभयपत्रे देऊन, त्यांची वतने चालविण्याची हमी घेऊन आणि प्रसंगी जरब बसवून माणसे जमविली. त्यांच्या बळावर १६९२ च्या सुमारास त्याने राजगड परत घेतला. औरंगजेबाच्या अखेरच्या मोहिमांत सिंहगड, राजगड आदी किल्ले पुन्हा मोगलांकडे गेले. परंतु बादशाहाची पाठ फिरताच शंकराजीच्या माणसांनी सिंहगड, राजगड, रोहिडा हे किल्ले पुन्हा हस्तगत केले.

सचिवपद : शिवकालीन अष्टप्रधानांत सचिव अथवा सुरनीस हे पद मुख्यतः दप्तराचे होते. राजपत्रे तपासणे, त्यांतील मजकूर शुद्ध करणे व महालांच्या हिशेबांवर नजर ठेवणे ही त्याची कामे. शिवाजी महाराजांच्या वेळी हे पद अण्णाजी दत्तो याजकडे होते. जिंजीस राजाराम महाराजांनी ते शंकराजी मल्हार यास दिले. तो पुढे पद सोडून काशीस गेला आणि १६९७ मध्ये सचिवपदाची वस्त्रे शंकराजी नारायण यास मिळाली. नामसाम्यामुळे या दोघांची गल्लत होण्याचा संभव असतो. काशीस गेलेला शंकराजी मल्हार हाच पुढे सय्यद हुसेन अलीच्या पदरी राहून १७१८ च्या मराठे-मोगल वाटाघाटींत मध्यस्थ झाला. भोरच्या घराण्याशी त्याचा संबंध नाही.

शपथ व मृत्यू : राजाराम महाराज १७०० मध्ये सिंहगडावर मृत्यू पावल्यावर महाराणी ताराबाईंनी आपले पुत्र शिवाजी यांना गादीवर बसवून कारभार हाती घेतला. शंकराजी त्यांच्या पक्षाचा एक आधारस्तंभ होता. १७०७ मध्ये औरंगजेब मरण पावला आणि मोगलांच्या कैदेतून सुटून शाहू महाराज स्वदेशी परतले. गादीचा खरा वारस कोण, या प्रश्नावर सर्व सरदारांना आपला पक्ष निश्चित करणे भाग पडले. ताराबाईंनी आपल्या प्रमुख प्रधानांकडून दूधभातावर हात ठेवून एकनिष्ठेची शपथ घेतली होती. शंकराजीनेही ती घेतली होती. १२ ऑक्टोबर १७०७ रोजी खेड येथे झालेल्या लढाईत धनाजी जाधव शाहू महाराजांना मिळाला व परशुराम त्रिंबकाचा पराभव झाला. त्यानंतर शाहू महाराजांनी सचिवाला आपल्याकडे बोलावून घेतले.

शंकराजीपुढील पेच केवळ जयापजयाचा नव्हता. शाहू हे संभाजी महाराजांचे पुत्र. ज्या राज्यासाठी त्याने सारे आयुष्य वेचले, त्या राज्याच्या ज्येष्ठ शाखेचे ते वारस होते. त्यांच्यावर शस्त्र धरणे हा स्वामिद्रोह आणि त्यांना सामील होणे हा शपथभंग. धनाजीने या पेचातून व्यवहाराचा मार्ग काढला. परशुराम त्रिंबक ताराबाईंच्याच पक्षास राहिला व कैदेत पडला. शंकराजीने मात्र भोरजवळील आंबवडे येथे आपले जीवित संपविले. त्याने जलसमाधी घेतली, असे बहुतेक वृत्तांतांत म्हटले आहे. मृत्यूचा प्रकार काही ठिकाणी वेगळा सांगितलेला आढळतो. आंबवडे येथे त्याची समाधी आहे.

येसूबाई व नारो शंकर : शंकराजीच्या मृत्यूने त्याचे किल्ले आणि त्यांवरील माणसे निर्नायकी झाली. ती बळाने घेण्याऐवजी शाहू महाराजांनी शंकराजीची पत्नी येसूबाई हिचे सांत्वन केले आणि सुमारे दोन वर्षांच्या नारो शंकर या तिच्या मुलास सचिवपदाची वस्त्रे दिली. मुलाच्या नावे कारभार पाहण्यास मुतालिक नेमण्यात आला. या एका निर्णयाने मावळातील एक मोठा विरोधी गट शाहू महाराजांच्या बाजूस आला. त्याचबरोबर, लिहिता-वाचता न येणाऱ्या बालकाला दप्तराचे पद मिळाल्याने ते पद कर्तबगारीचे न राहता वंशपरंपरेचे झाले.

नारो शंकर अल्पवयीन असतानाच हिंगणगावच्या दमाजी थोराताने त्याला पकडून कैदेत ठेवले. त्यापूर्वी याच दमाजीने बेलभंडाऱ्याची शपथ वाहून बाळाजी विश्वनाथास भेटीस बोलाविले व दगा देऊन कैद केले होते. बेल म्हणजे झाडाचे पान आणि भंडारा म्हणजे रोजच्या खाण्यातील हळद, असे सांगून त्याने शपथ उडवून लावली, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. बाळाजी विश्वनाथाने सचिवाची मुक्तता केली. या उपकाराची फेड म्हणून येसूबाईने पुरंदर किल्ला शाहू महाराजांच्या संमतीने पेशव्यांच्या कुटुंबाच्या आश्रयासाठी दिला. पुणे प्रांतातील सचिवाचे हक्कही पेशव्यांकडे गेले. पेशव्यांच्या पुण्यातील सत्तेचा पाया घालण्यात अशा प्रकारे सचिवाच्या विधवेचा हातभार लागला.

पुढील पिढ्या : मोगल बादशाहाकडून १७१९ मध्ये चौथाईच्या सनदा मिळाल्यानंतर शाहू महाराजांनी चौथाईच्या उत्पन्नापैकी शेकडा ६ हिस्सा पंतसचिवास नेमून दिला. यासच साहोत्रा म्हणतात. नारो शंकर १७३७ मध्ये मरण पावला. त्याच्यानंतरचा सचिव चिमणाजी याजकडून पेशव्यांनी १७५० मध्ये सिंहगड घेतला आणि मोबदल्यात तुंग व तिकोना हे किल्ले दिले. राज्याचा कारभार पेशव्यांच्या हाती एकवटल्यावर सचिवपद मानापुरते उरले; जहागीर मात्र टिकली.

पेशवाईच्या अस्तानंतर साताऱ्याचा ब्रिटिश प्रतिनिधी कॅप्टन जेम्स ग्रँट याने १८२० मध्ये पंतसचिवाशी करार केला. मराठ्यांच्या इतिहासाचा लेखक ग्रँट डफ तो हाच. जन्माने स्कॉटिश असलेला हा सैनिक पुढे मायदेशी जाऊन जमीनदार म्हणून राहिला. १८४९ मध्ये सातारचे राज्य खालसा झाल्यावर भोरचा संबंध थेट ब्रिटिश सरकारशी आला. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ व सुधागड असे संस्थानाचे पाच तालुके होते आणि क्षेत्रफळ सु. ९२५ चौ. मैल होते. तालुक्यांची बहुतेक नावे किल्ल्यांवरून पडलेली आहेत, ही गोष्ट या जहागिरीचे मूळ स्वरूप दर्शविते.

पाली व सुधागड : पाच तालुक्यांपैकी सुधागड हा तालुका घाटाखाली कोकणात होता. अष्टविनायकांपैकी बल्लाळेश्वराचे पाली हे त्याचे मुख्य ठिकाण. गावालगत सरसगड आणि पूर्वेस सुधागड हे किल्ले आहेत. सुधागडाचे मूळ नाव भोरपगड. तेथील भोराई ही पंतसचिवांची कुलदेवता मानली जाते. सवाष्णी घाटासारख्या वाटांनी हा मुलूख वरच्या मावळाशी जोडलेला असल्याने तो सांभाळणाऱ्यास घाटमाथा व कोकण या दोहोंवर नजर ठेवता येई. औरंगजेबाविरुद्ध बंड करून आलेला शाहजादा अकबर १६८१ मध्ये याच परिसरात उतरला होता व संभाजी महाराजांनी त्याची येथेच भेट घेतली. त्याच वर्षी कटाच्या आरोपावरून अण्णाजी दत्तो यास याच भागात देहदंड झाला, असे मानले जाते. सुधागडावर पंतसचिवांचा वाडा व भोराईचे मंदिर आहे. ८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्यानंतर सुधागड तालुका कुलाबा जिल्ह्यात आला. १९८१ मध्ये या जिल्ह्याचे नाव रायगड झाले.

मूल्यमापन : स्वातंत्र्ययुद्धात रामचंद्रपंत, संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांच्या पराक्रमाचा उल्लेख अधिक होतो, पण त्यांच्या फौजांना पाठीशी जे किल्ले व जी माणसे लागत, ती राखण्याचे काम शंकराजीने केले. ज्या वतनांच्या आश्वासनांवर त्याने मावळ राखले, त्यांनीच पुढे मध्यवर्ती सत्ता दुबळी केली, हा त्याच्या धोरणातील दोष खरा. तथापि त्या वेळी दुसरा उपाय त्याच्या हाती नव्हता. त्याच्या मृत्यूने यादवीचा निकाल बदलला नाही. मात्र शपथ पाळणारा विरोधक आणि त्याच्या पोरक्या मुलास जवळ करणारा राजा, या दोहोंच्या वर्तनामुळे मावळ प्रांत यादवीच्या होरपळीतून बऱ्याच अंशी वाचला.