मोगलीचे घर नक्की कोणते?

उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या मौद्याच्या घरी सगळी जमली, की दुपारी कुठल्या ना कुठल्या विषयावर वाद ठरलेलाच. बाहेर ऊन मी म्हणत असते, कूलर घरघरत असतो आणि पन्ह्याचे पेले रिकामे होत असतात. या खेपेला विषय काढला तो पुण्याहून आलेल्या नऊ वर्षांच्या नातीने. ''आजोबा, सगळ्यांत भारी कार्टून सिनेमा कोणता? आणि लोकांनी उगाच डोक्यावर घेतलेला कोणता?''

पहिल्या प्रश्नावर फारसा वाद झाला नाही. डिस्नेचा 'जंगल बुक', असा बहुतेकांनी कौल दिला. दुसऱ्या प्रश्नालाही मी तेच उत्तर दिले आणि घरात गोंधळ उडाला. ''काहून बरं, मामा?'' नागपूरचा भाचा उसळून म्हणाला.

काहून ते सांगतो. किपलिंगचे 'जंगल बुक' 1894 साली पुस्तकरूपाने आले. त्यातले मोगलीचे जंगल सिवनीच्या डोंगरांतले आणि नदी वैनगंगा. आमच्या गावाजवळून वाहणारी कन्हान वाटेत पेंचचे पाणी पोटात घेऊन पुढे याच वैनगंगेला मिळते. म्हणजे मोगली आमच्या शेजारचाच पोरगा म्हणायचा. त्या पोराच्या जंगलात डिस्नेने माकडांचा राजा म्हणून चक्क ओरांगउटान आणून बसवला! हा प्राणी सुमात्रा आणि बोर्निओच्या रानातला. आपल्या सातपुड्याने तो कधी पाहिलेला नाही. मूळ पुस्तकातल्या माकडांना राजाच नाही, आणि हीच तर त्यांची गोम आहे. तिथे 'का' हा अजगर मोगलीला माकडांच्या तावडीतून सोडवतो. सिनेमात मात्र तोच त्याला गिळायला टपलेला.

''बाबा, तुम्ही पुस्तकाचं माप सिनेमाला लावताय,'' मुलगा म्हणाला. ''त्या भालूचं चालणं बघा, शेरखानचा रुबाब बघा. हातानं काढलेली चित्रं आहेत ती!''

त्याचे म्हणणे खरे होते. वॉल्ट डिस्नेने आपल्या माणसांना पुस्तक बाजूला ठेवायलाच सांगितले होते. डिसेंबर 1966 मध्ये तो वारला आणि चित्रपट ऑक्टोबर 1967 मध्ये पडद्यावर आला. गाणी आणि चित्रे यांत तो आजही कुणाला हार जाणार नाही. माझी तक्रार त्याच्या शेवटाबद्दल आहे. पुस्तकातल्या मोगलीला लांडग्यांचा कळप बाहेर काढतो आणि पुढे गावही दगड मारून हाकलते. तो दोन्हीकडचा असतो आणि कुठलाच नसतो. सिनेमात पाणी भरायला आलेली एक मुलगी दिसते आणि पोरगा तिच्यामागून गावात निघून जातो. भालू आणि बघीरा गाणे म्हणत परततात. घर सोडणे इतके सोपे असते का?

यावर मुलगा जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ''आपल्या दूरदर्शनवर 1993 साली 'जंगल बुक' मालिका लागायची, तिच्यात ते इतकं सोपं नव्हतं.''

ही मालिका मूळची जपानी, बावन्न भागांची. रविवारी सकाळी ती हिंदीत लागायची. शीर्षकगीत गुलजारांचे, त्याला संगीत विशाल भारद्वाजांचे आणि शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. ते गाणे आजही चाळिशीतली माणसे गुणगुणतात. पण आतली गोष्ट विचारा, चारजणांनाही धड सांगता येणार नाही. म्हणजे एकच कलाकृती एका अंगाने डोक्यावर घेतलेली आणि दुसऱ्या अंगाने दुर्लक्षित! लांडग्यांत वाढलेल्या पोराला माणसांची ओढ कशी लागते आणि दोन्हीकडे त्याचा जीव कसा अडकतो, हे तिने घाई न करता दाखवले होते.

''मी सात वर्षांचा होतो,'' मुलगा पुढे म्हणाला. ''तुमच्या बदलीचा हुकूम आला होता. माझी ती तिसरी शाळा होणार होती. मी तुम्हाला विचारलं होतं, मोगलीचं घर नक्की कोणतं, लांडग्यांचं की माणसांचं? तुम्ही ट्रंक भरता भरता 'दोन्ही' म्हणालात. मला ते खोटं वाटलं होतं.''

मला यातले काही आठवत नव्हते. बँकेच्या नोकरीत बदल्या यायच्याच आणि ट्रंका भरायच्याच. पोराचा प्रश्न मोगलीबद्दल नव्हता, हे समजायला मला तीस वर्षांहून अधिक काळ लागला. पन्ह्याचा पेला हातात तसाच राहिला. कुणी काही बोलेना, तेव्हा सूनबाईनेच विषय पुढे नेला. ''आणि आपण जानेवारीत पाहिला तो?''

2025 च्या जानेवारीत आम्ही पुण्याला गेलो असताना सगळ्यांनी मिळून 'रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स रामा' पाहिला. युगो साको या जपानी गृहस्थाने आपल्या राम मोहन यांना बरोबर घेऊन केलेला हा चित्रपट 1992 साली पुरा झाला होता. पण तेव्हा तो देशभर गाजावाजाने असा कधी लागलाच नाही. टीव्हीवर पाहिलेल्या मुलांनी त्याची आठवण जपली आणि 24 जानेवारी 2025 रोजी तो चित्रपटगृहांत आला. आमच्या मौद्याहून रामटेक जवळच. वनवासात राम तिथल्या टेकडीवर थांबला होता, अशी आमच्याकडची श्रद्धा. मोगलीसारखा रामही आम्हाला शेजारचा. त्याची एवढी देखणी चित्रकथा आमच्यापर्यंत पोचायला बत्तीस वर्षे लागली!

मला वाटते, ज्याला आपण 'उपेक्षित' म्हणतो, तो बहुतेक वेळा न पाहिलेला असतो. डिस्नेचा 'पिनोकिओ'च घ्या. 1940 साली तो तोट्यात गेला, कारण महायुद्धामुळे युरोपातला बाजार बंद पडला होता. चित्रपट तोच राहिला. आज जाणकार त्याला डिस्नेच्या उत्तम चित्रांत गणतात.

पण त्या दिवशी पुण्यात चित्रपटगृहाबाहेर पडताना नातीने जे विचारले, ते मी विसरलेलो नाही. ''आजोबा, कुंभकर्ण तर झोपला होता. त्याचं काही भांडण नव्हतं. मग त्याला उठवून लढायला का पाठवलं?'' रिक्षा मिळेपर्यंत मी भावाचे कर्तव्य, राजाची आज्ञा असे काहीबाही सांगत होतो. तिला ते पटले नाही. मलाही फारसे पटत नव्हते. आता कोणी विचारले, की मुलांचा चांगला सिनेमा कसा ओळखायचा, तर मी एवढेच सांगेन, की घरी परतताना मूल काय विचारते ते ऐका. नुसते गाणे गुणगुणत आले तर करमणूक झाली, आणि तीही काही कमी नाही. पण प्रश्न घेऊन आले तर त्या सिनेमाला वरचा नंबर द्या, मग तो चालला असो की पडला असो.

वादाचा निकाल अर्थातच लागला नाही. भाचा डिस्नेवर ठाम राहिला. नातीने 'दोन्ही' असे उत्तर दिले, तेव्हा तिचा बाप माझ्याकडे पाहून हसला. दिवाळीच्या सुटीत ती बावन्न भागांची मालिका पहिल्यापासून बघायची, एवढे मात्र ठरले आहे. तो जुना प्रश्न पुन्हा आला, तर या खेपेला माझ्याकडे भरायला ट्रंक नाही.