वालाच्या वेलाला दिवाळी कशी कळते?

श्रावणात वाशिमकडच्या कुठल्याही गावात जा, कुणाच्या ना कुणाच्या परसात वालाचा वेल मांडवावर चढलेला दिसेल. पानं तळहाताएवढी, शेंडे हवेत लोंबकळताहेत, वेल पार छपरापर्यंत पोचलाय. आणि फुलं? एकही नाही! मग घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "नुसता माजलाय हा. मूठभर युरिया टाका, म्हणजे फुलेल."

थांबा, युरिया टाकू नका! त्यानं पानं आणखी वाढतील, फुलं येणार नाहीत. वेल उपाशी नाही, आजारीही नाही. तो रात्र मोठी व्हायची वाट बघतोय.

वाशिम विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण 20 अंशांवर आहे. इथे 21 जूनच्या सुमारास दिवस जवळजवळ 13 तास 20 मिनिटांचा असतो, आणि 22 डिसेंबरच्या सुमारास 11 तासांहून थोडा कमी. सप्टेंबरात तर दिवस रोज मिनिटभरानं आखडतो. तुम्हाआम्हाला एका मिनिटाचा काय पत्ता लागणार! वालाच्या पानाला मात्र तो लागतो. दसऱ्याच्या आगेमागे रात्र पुरेशी लांबली की पानांच्या बगलेतून कळ्यांचे तुरे निघतात, आणि दिवाळीच्या सुमारास पांढरी-जांभळी फुलं नि कोवळ्या शेंगा दिसू लागतात. अंबाडीचं असंच. तुरीच्या जुन्या, उशिरा येणाऱ्या जातींचंही असंच.

झाडं रात्र मोजतात हे माणसाला कळलं कसं? त्यात आपल्या ओळखीच्या एका पिकाचा मोठा वाटा आहे. ते पीक म्हणजे सोयाबीन! वाशिम जिल्ह्यात पावसाळ्यात जिकडे बघावं तिकडे तेच. पण ही गोष्ट घडली अमेरिकेत, वॉशिंग्टनजवळच्या एका सरकारी प्रयोगशेतात. गार्नर आणि अॅलर्ड या शास्त्रज्ञांनी 'बिलॉक्सी' नावाचं सोयाबीन थोड्याथोड्या दिवसांच्या अंतरानं पेरलं. त्यांना वाटलं, आधी पेरलेलं आधी फुलेल. झालं भलतंच! लवकर पेरलेलं आणि उशिरा पेरलेलं, सगळं सप्टेंबरातच फुललं. तिथेच तंबाखूची एक जात होती, मेरीलँड मॅमथ. ती उन्हाळाभर माणसाच्या डोक्यावरून उंच वाढायची, पण फुलायचं नाव काढायची नाही.

मग 10 जुलै 1918 या दिवशी त्यांनी सोयाबीनची एक पेटी आणि या तंबाखूच्या तीन कुंड्या उचलल्या आणि कुत्र्याच्या घरासारख्या एका बिनखिडक्यांच्या खोपटात ठेवल्या. दुपारी चारला झाडं आत, दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला बाहेर. रोज हेच. बाहेर भर उन्हाळा, पण या झाडांना वाटलं हिवाळा आला! ती फुलली, आणि बाहेरची तशीच राहिली. हा शोध 1920 साली छापून आला. मला या प्रयोगाचं फार अप्रूप वाटतं, कारण त्याला लागलं काय? एक अंधारं खोपट, आणि रोज वेळेवर झाडं आतबाहेर करायची चिकाटी.

पुढे 1938 साली हॅमनर आणि बॉनर या शास्त्रज्ञांनी कपड्यांना चिकटणाऱ्या काटेरी फळांचं एक तण घेतलं. दिवसा त्यावर थोडा वेळ अंधार केला, तर झाडाला काही फरक पडला नाही. रात्रीच्या मध्यावर मात्र काही मिनिटं दिवा लावला आणि फुलणंच थांबलं! म्हणजे झाड दिवस मोजत नाही, ते सलग अंधार मोजतं. त्याहून नवल म्हणजे या तणाच्या एकाच पानाला लांब रात्र दाखवली, तरी सगळं झाड फुललं. रात्र ओळखतं ते पान. पानात फायटोक्रोम नावाचं निळसर रंगद्रव्य असतं, ते उजेड आणि अंधार ओळखतं. शिवाय पानात 24 तासांचं स्वतःचं घड्याळ चालतं. दोघांचा मेळ बसला की पान एक प्रथिन तयार करतं. ते प्रथिन देठातून शेंड्यापर्यंत जातं आणि तिथे पानाऐवजी कळी धरते.

आता आपल्या परसबागेचं बघू. मृगाचा पाऊस पडून वाफसा आला की वाल आणि अंबाडी लावा आणि घाई न करता वाट बघा. वाल फेब्रुवारीत लावलात, तर तो सगळा उन्हाळा पाणी पीत नुसती पानं काढेल. उन्हाळ्यात शेंगा हव्यातच, तर बंगळूरच्या बागवानी संशोधन संस्थेच्या 'अर्का जय' किंवा 'अर्का विजय' या झुडपी जाती शोधा. त्या रात्रीच्या लांबीवर अडून बसत नाहीत. टमाटर आणि काकडीही नाही. त्यांचं लक्ष ऊन, थंडी आणि पाण्याकडे. सांबार मात्र उलट्या स्वभावाचा: उन्हाळ्याच्या तापत्या, लांब दिवसांत तो झटकन फुलोऱ्यावर येतो आणि पानं हाती लागत नाहीत. म्हणून सांबार, मेथी, पालक दसऱ्यानंतर टाका. कांद्याची रोपं डिसेंबरात लावा. दिवस वाढू लागले की कांदा पोसतो.

परसात जागा नाही म्हणून कुंडीत लावणार असाल, तर तिच्यात नुसती काळी माती भरू नका. आपली माती ओली झाली की फुगून घट्ट बसते, वाळली की तडकते आणि तडकताना बारीक मुळं तोडते. तिच्यात शेणखत आणि थोडी वाळू मिसळा, आणि कुंडीच्या बुडाला भोक आहे ना ते बघा.

आणि हो, कुंडीची जागा बघताना रात्रीचा दिवाही बघा! सोयाबीनच्या वावराला लागून रस्त्यावरचा दिवा असला, तर सगळं शेत पिवळं पडतं तेव्हा दिव्याखालची झाडं हिरवीच उभी दिसू शकतात. तुम्हीही हे करून बघा. जुलैत शेवंतीच्या एकाच झाडाच्या दोन फांद्या दोन कुंड्यांत लावा. गणपतीपासून एक कुंडी रात्रभर अंधारात राहील अशी ठेवा, दुसरी अंगणातल्या रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली. पाणी, खत, दिवसाचं ऊन दोघींना सारखं. दिवाळीत दोन्ही कुंड्या शेजारी ठेवा. पण त्याआधी, युरिया टाका म्हणणाऱ्या मंडळींना विचारा, कळ्या कुठल्या कुंडीत असतील!